स्तनपान : आईचे कर्तव्य की रुग्णालयाचे कौशल्य?

नवजात बाळाच्या तोंडात पहिल्यांदा काय जावे, हे आता घरात ठरत नाही. ते रुग्णालयात ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत झाल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ९४ टक्क्यांच्या वर गेले आहे. तरीही जन्मानंतर तासाभरात आईच्या छातीला लावलेली बाळे देशात फक्त ४१.८ टक्के होती. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत संस्थांतील बाळंतपणे ७८.९ टक्के होती आणि पहिल्या तासात दूध मिळालेली बाळे ४१.६ टक्के. मधल्या काळात शंभरातल्या जवळपास दहा जास्तीच्या बाळंतिणी रुग्णालयात आल्या, पण पहिल्या तासाचा आकडा जागचा हलला नाही. ज्या खोलीत ही बाळे जन्मली तिथे शिकलेली, पगारी, प्रशिक्षित माणसे हजर होती. त्यामुळे या अपयशाचे कारण शोधताना आईच्या अज्ञानाकडे, सासूच्या मधाच्या बोटाकडे किंवा आजीच्या घुटीकडे बोट दाखवून भागत नाही. बाळाच्या आहाराबद्दल डॉक्टर, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या यांना नेमके काय ठाऊक आहे आणि त्यांची या कामाकडे पाहण्याची दृष्टी कोणती आहे, हाच खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न नागपुरात सर्व बाजूंनी दिसतो. मेयो, मेडिकल, डागा आणि २०१८ पासून एम्स अशी मोठी सरकारी रुग्णालये, धंतोली-रामदासपेठेत दाटीने उभी असलेली खासगी प्रसूतिगृहे आणि बालरुग्णालये, शिवाय हिंगण्यासारख्या भागातील खासगी वैद्यकीय महाविद्यालये, असा या शहराचा वैद्यकीय पसारा आहे. विदर्भातूनच नव्हे, तर छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांतूनही बाळंतिणी आणि आजारी नवजात बाळे इथे येतात. इथल्या वॉर्डात जे सांगितले जाते ते शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या खेड्यात जाऊन पोहोचते आणि ‘मोठ्या दवाखान्यात सांगितले’ म्हणून वर्षानुवर्षे पाळले जाते.

बाळंतपण सुईणीच्या हातून काढून शिकलेल्या हातांत देण्याची चळवळही या शहराला जुनी आहे. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली नागपुरात मातृसेवा संघाची स्थापना केली. त्या काळी अस्वच्छ हातांनी होणाऱ्या बाळंतपणांत बाया आणि बाळे मरत होती. प्रशिक्षित परिचारिका तयार करून त्या मृत्यूंना अडवण्याचे जे काम संघाने केले त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र विसाव्या शतकातील आधुनिक बाळंतपणाबरोबर पाश्चात्त्य रुग्णालयांच्या काही सवयीही जगभर पसरल्या. बाळाला आईपासून वेगळ्या खोलीत ठेवायचे, घड्याळ बघून दर तीन-चार तासांनीच पाजायचे, मधल्या वेळी रडले तर बाटली द्यायची, अशी ती पद्धत होती. तिला शास्त्रीय शिस्त समजले गेले. प्रत्यक्षात तिच्यामागे बाळाच्या शरीराचा अभ्यास कमी आणि वॉर्डाची सोय जास्त होती. चीक, म्हणजे पहिले घट्ट दूध, पिळून टाकण्याचा सुईणीचा सल्ला चुकीचा होता हे वैद्यकाने ओळखले. स्वतःच्या घड्याळाची चूक ओळखायला त्याला आणखी कित्येक दशके लागली.

आज कोणत्याही डॉक्टरला किंवा परिचारिकेला विचारले तर आईचे दूध सर्वोत्तम, चीक पाजावा, सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, ही उत्तरे बिनचूक मिळतात. भिंतीवरच्या फलकावरही तीच असतात. पण ही उत्तरे म्हणजे बाळाला पाजण्याचे ज्ञान नव्हे. चौथ्यांदा प्रयत्न करूनही बाळ छाती धरत नाही, आई रडकुंडीला आली आहे, नातेवाईक दारात उभे आहेत, अशा वेळी रात्री दोन वाजता त्या आईजवळ बसून काय करायचे, हे ज्ञान वेगळे आहे. बाळाचे तोंड पुरेसे उघडले आहे का, फक्त बोंडी तोंडात गेली आहे की भोवतालचा काळा भागही, हनुवटी छातीला टेकली आहे का, दूध गिळल्याचा आवाज येतो आहे का, हे पाहावे लागते. बाळाला आईच्या अंगाशी कसे वळवायचे, सुजलेल्या छातीतून हाताने थोडे दूध काढून ती मऊ कशी करायची, हे हाताने शिकावे लागते. पहिल्या प्रकारचे ज्ञान परीक्षेत गुण देते. दुसऱ्या प्रकारचे ज्ञान नसेल तर पहिले निरुपयोगी ठरते, कारण अडलेल्या आईला घोषवाक्य ऐकवून दूध उतरत नाही.

या उणिवेचा सर्वात ठळक पुरावा म्हणजे ‘दूध पुरत नाही’ हे निदान. पहिल्या दिवशी आईला येणारा चीक दिवसभराचा मिळूनही काही चमचेच असतो. नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते आणि त्याला तेवढाच लागतो. निरोगी बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत पाच ते सात टक्क्यांनी उतरणे नैसर्गिक आहे. ते साधारण दहा ते चौदा दिवसांत भरून निघते. बाळ वारंवार, विशेषतः रात्री, छातीला येते तेव्हा ते उपाशी असल्याचा तो पुरावा नसतो. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते आणि बाळाच्या चोखण्यानेच पुढच्या दुधाची मागणी नोंदवली जाते. ज्याला हे नीट ठाऊक आहे तो पहिला दिवस शांतपणे पार पाडू देतो. ज्याला ठाऊक नाही तो रडणे ऐकून ‘एकदा वरचे दूध देऊन टाका’ म्हणतो. बाळ डब्याचे दूध पिऊन झोपी जाते, झोपलेले बाळ छाती चोखत नाही, चोखले नाही म्हणून दूध कमी येते, आणि तिसऱ्या दिवशी दूध खरोखरच पुरत नाही. आईचे दूध कमी होते म्हणून डबा आला, अशी या घटनेची नोंद होते. क्रम मात्र उलटा असतो. शिवाय दूध बाहेर येण्यासाठी लागणारे ऑक्सिटोसिन भीतीने आणि वेदनेने अडते. त्यामुळे ‘तुम्हाला दूध कमी आहे’ हे डॉक्टरचे वाक्यच दूध अडवायला हातभार लावते. बाळाला पुरेसे मिळते आहे का, हे ओळखण्याची साधी खूण म्हणजे पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा होणारी लघवी आणि वजनाचा काटा. ही दोन साधने हाताशी असताना रडण्यावरून निदान करणे हे वैद्यकाला शोभणारे नाही.

सिझेरियनने ही अडचण वाढवली. देशात २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत आई जागी असते. बाळाला तिच्या छातीवर ठेवता येते, आणि तासाभरात पाजताही येते. पण त्यासाठी कोणीतरी बाळाला धरून उभे राहावे लागते. भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका या चौघांपैकी हे काम कोणाचे, हे ठरलेले नसते आणि कोणाच्याही बिलात ते धरलेले नसते. बाळ पुसून, गुंडाळून बाहेरच्या नातेवाइकांच्या हाती जाते. पहिला तास असा निघून जातो. नॉर्मल बाळंतपणातही घाईने हेच होते. स्वीडनमधील रिघार्ड आणि अलादे यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते की, जन्मल्याबरोबर आईच्या पोटावर ठेवलेले बाळ मोकळे सोडले तर स्वतः छातीपर्यंत सरकत जाऊन नीट चोखू लागते, मध्येच उचलून नेलेल्या बाळांना ते साधणे कठीण जाते. महाराष्ट्रातील स्तनपान कार्यकर्त्या डॉक्टरांनी युनिसेफच्या साहाय्याने याच गोष्टीवर चित्रफीत काढून ती प्रशिक्षणासाठी वापरली. इतके साधे, बिनखर्चाचे काम रोजच्या रिवाजात का येत नाही, याचे उत्तर ज्ञानाच्या अभावात फारसे नाही. या कामाला वैद्यकीय काम मानले जात नाही, हे त्याचे उत्तर आहे.

नागपूरचा उन्हाळा हा तर स्थानिक ज्ञानाची कसोटी पाहणारा विषय आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, रात्रीही खोल्या तापलेल्या असतात, आणि महिनाभराच्या बाळाचा घसा कोरडा पडत असेल म्हणून घरोघरी चमच्याने पाणी दिले जाते. अनेकदा ते डॉक्टरच्या संमतीने दिले जाते. आईच्या दुधात सुमारे ८७-८८ टक्के पाणीच असते. भर उन्हाळ्यात केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांना वरून पाणी लागत नाही, हे दिल्लीतील सचदेव आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दाखवले, इतर उष्ण प्रदेशांतील अभ्यासही तेच सांगतात. पाण्याने पोट भरते, दूध कमी जाते आणि जंतूंना वाट मिळते. तरीही या बाबतीत डॉक्टरांची भीती निराधार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या बाळाने छाती नीट धरलेली नाही त्याला विदर्भाच्या उन्हाळ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी ताप येतो, वजन धोकादायक उतरते आणि रक्तातील सोडियम वाढते. अशी बाळे नवजात अतिदक्षता विभागात दाखल झालेली पाहिलेला डॉक्टर सर्वांनाच पाणी सांगू लागतो. पण तिथे कमी पडलेले असते ते दूध, आणि ते कमी पडते छाती नीट न धरल्यामुळे. अशा बाळाचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी वजन करणे, आईचे पाजणे डोळ्यांनी पाहणे, गरज असेल तर तिचेच दूध काढून वाटी-चमच्याने देणे आणि आजारी बाळावर वेळेत उपचार करणे, हे त्याचे उत्तर आहे. सुट्टी देताना ‘उन्हाळा आहे, थोडे पाणी द्या’ हे एक वाक्य बोलणे सोपे असते, म्हणून ते बोलले जाते.

आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवल्याने फरक पडतो, याचा मोठा पुरावा बेलारूसमधून आला. तिथे ३१ रुग्णालये आणि त्यांच्याशी जोडलेले बालदवाखाने निवडून त्यांतील काहींच्या कर्मचाऱ्यांना स्तनपानाचे पद्धतशीर प्रशिक्षण देण्यात आले. सतरा हजारांवर माय-लेकरांचा पाठपुरावा झाला. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : प्रशिक्षण झालेल्या गटात तिसऱ्या महिन्यात केवळ आईच्या दुधावर असलेली बाळे ४३.३ टक्के होती, दुसऱ्या गटात ६.४ टक्के. आया दोन्हीकडे सारख्याच होत्या. बदलली होती ती त्यांना सांभाळणारी माणसे. नागपूरचा स्वतःचा पुरावाही आहे. इथल्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. अर्चना पटेल आणि सहकाऱ्यांनी शहरातील चार रुग्णालयांतल्या हजारावर गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांना मोबाइलवर दर आठवड्याला समुपदेशनाचा फोन आणि रोज एक संदेश मिळत होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांच्या सुमारास या गटातील जवळजवळ सर्व बाळे केवळ आईच्या दुधावर होती. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात सुमारे निम्मी. मात्र जन्मानंतर तासाभरात पाजण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. या दुसऱ्या निष्कर्षाकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही, आणि तोच अधिक बोलका आहे. घरी गेल्यावर जे आईच्या हातात आहे ते फोनवरचा आधार बदलू शकला. प्रसूतिगृहात जे तिच्या हातातच नाही, ते तिला कितीही समजावले तरी बदलले नाही.

वैद्यकीय शिक्षणात या विषयाला फार काळ एखाद्या व्याख्यानापुरती जागा होती. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात बालरोगशास्त्राखाली स्तनपान आणि पूरक आहार हे स्वतंत्र विषय आले. पाजण्याची योग्य पद्धत प्रत्यक्ष पाहून चूक आणि बरोबर ओळखणे, स्तनांची तपासणी करून नेहमीच्या अडचणी ओळखणे, या क्षमता विद्यार्थ्याने दाखवाव्यात अशी अपेक्षा त्यात नोंदवली आहे. ही सुधारणा मनापासून स्वागतार्ह आहे. तिचे भवितव्य मात्र बाळंतिणींच्या वॉर्डातल्या अध्यापनावर अवलंबून आहे. विद्यार्थी वॉर्डात शिकतो ते वरिष्ठांच्या वागण्यावरून. राउंडमध्ये प्राध्यापकांनी बाळाचे हृदय, यकृत, कावीळ पाहिली आणि पाजण्याचा प्रश्न ‘सिस्टर बघतील’ म्हणून सोडला, तर हे दुय्यम काम आहे असा धडा विद्यार्थी घेतो. पुस्तकातल्या क्षमतेपेक्षा तो धडा जास्त टिकतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये बालस्नेही रुग्णालयांचा उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांचा अठरा तासांचा अभ्यासक्रम आखला. २००९ मध्ये तो वीस तासांचा झाला. त्यात प्रत्यक्ष आयांबरोबर काम करण्याचे तास राखून ठेवले आहेत. भारतात नव्वदच्या दशकात या उपक्रमाने चांगला वेग घेतला आणि नंतर तो मंदावला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ‘मा’ या नावाने कार्यक्रम सुरू करून त्याला पुन्हा चालना देण्याचा प्रयत्न केला.

दृष्टिकोनाचा प्रश्न ज्ञानापेक्षा अवघड आहे, कारण त्यात पैसा येतो. डबाबंद दुधाच्या कंपन्यांना डॉक्टरइतका विश्वासू प्रचारक दुसरा मिळत नाही. या प्रचाराला आळा घालण्यासाठी जागतिक आरोग्य सभेने मे १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारतात त्यासाठी डॉक्टरांनीच पुढाकार घेतला, आणि त्या इतिहासात विदर्भाला मानाचे स्थान आहे : स्तनपानासाठी देशभर काम करणाऱ्या ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ची स्थापना ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात झाली. पुढच्याच वर्षी संसदेने अर्भक दुग्धपर्याय, दूधबाटल्या आणि अर्भक अन्न यांबाबतचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा सर्व उत्पादनांची जाहिरात बंद केली. डॉक्टरांना भेटवस्तू देणे, त्यांच्या परिषदा, शिष्यवृत्त्या आणि संशोधन यांचा खर्च उचलणे, हे सारे कंपन्यांना निषिद्ध आहे. कलमे मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जगातील कडक कायद्यांत त्याची गणना होते. तरीही हा कायदा पुरेसा शिकवला जात नाही. आणि जो कायदा ठाऊक नाही तो मोडला जात असताना दिसतही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये आठ देशांतील पाहणी प्रसिद्ध केली. तीत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांनी सांगितले की, आरोग्य कर्मचाऱ्यानेच त्यांना विशिष्ट कंपनीचे दूध सुचवले होते. भारत त्या आठांत नव्हता. पण सुट्टीच्या कागदावर औषधांच्या खाली डब्याचे नाव लिहिले गेले की आईला ते औषधच वाटते, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

याचा अर्थ वरचे दूध कधीच लागत नाही असा नव्हे. काही चयापचयाचे आजार, आईची काही औषधे, आईचा मृत्यू किंवा अत्यवस्थ स्थिती, फार कमी वजनाची बाळे, अशी खरी कारणे असतात. त्यांतही पहिली पसंती दुसऱ्या मातेच्या दुधाला असते. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली सुरू केलेली मातृदुग्धपेढी आशियातील पहिली मानली जाते. जिथे डबाच द्यावा लागतो, तिथे तो नीट कसा तयार करायचा हे आईला सांगणे हेही ज्ञानच आहे. पातळ केलेले किंवा अस्वच्छ पाण्यात कालवलेले दूध बाळाच्या जिवावर बेतते. दृष्टिकोनातला दोष दुसऱ्या टोकालाही असतो. दुखऱ्या टाक्यांनी विव्हळणाऱ्या बाळंतिणीला ‘आई झालीस ना, मग पाज’ असे वॉर्डभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सुनावणे हे समुपदेशन नव्हे. त्या ओरडण्याने लाजलेली बाई पुढची अडचण सांगत नाही आणि घरी जाऊन गुपचूप बाटली सुरू करते.

ज्ञान जुने होणे हा आणखी एक धोका. केवळ आईच्या दुधाची मुदत पूर्वी चार ते सहा महिने सांगितली जाई. मे २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ती सहा महिने ठरवली, तरी चौथ्या महिन्यात वरचे सुरू करा म्हणणारे डॉक्टर अजूनही भेटतात. एचआयव्हीबाधित मातांच्या बाबतीत तर सल्ला पूर्ण फिरला. एकेकाळी त्यांना पाजण्यापासून परावृत्त केले जात असे. आज आईला नियमित औषधोपचार सुरू ठेवून सहा महिने केवळ अंगावर पाजणे सुरक्षित धरले जाते, कारण मिश्र आहारात संसर्गाचा धोका जास्त असतो. जुनी माहिती घेऊन बसलेला कर्मचारी अशा बाळाचे दुहेरी नुकसान करतो.

सहा महिन्यांनंतरच्या आहाराकडे वैद्यकाचे दुर्लक्ष सर्वात मोठे आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी बाळे देशात २०१९-२१ मध्ये ११.३ टक्केच होती. लसीच्या भेटीत मिळणारा सल्ला बहुधा ‘वरणाचे पाणी, भाताची पेज द्या’ एवढाच असतो. वरणाच्या पाण्यात वरण फारसे नसते. आईच्या दुधाव्यतिरिक्त सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण २०० उष्मांक, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५० उष्मांक वरच्या अन्नातून लागतात. जन्माच्या वेळी साठवलेले लोहही सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येते. लहान पोटात एवढे बसायचे तर अन्न चमच्यावरून ओघळणारे नको, टिकणारे हवे. घट्ट तुरीचे वरण आणि भात तुपासह कुस्करून, ज्वारीची भाकरी दुधात मऊ करून, उकडलेले अंडे, शिजवलेली पालेभाजी, तिळाचे किंवा शेंगदाण्याचे कूट, हे सारे विदर्भातील घरात उपलब्ध असते. किती चमचे, किती घट्ट, दिवसातून किती वेळा, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. बाह्यरुग्ण विभागातील रांगेत ती मिळत नाहीत आणि तीच जागा पाकिटातल्या तयार पिठाने घेतली जाते.

ही पाच मिनिटे आणि रात्री दोनची ती मदत कोण देणार, हा प्रश्न शेवटी मनुष्यबळाचा आहे. एका परिचारिकेवर भरलेला वॉर्ड टाकून तिच्याकडून प्रत्येक आईजवळ बसण्याची अपेक्षा करता येत नाही. स्तनपान समुपदेशक हे पद बाळंतिणींच्या संख्येनुसार कायम भरले जावे, खासगी प्रसूतिगृहांच्या परवान्यात आणि विम्याच्या दरपत्रकात पहिल्या तासाच्या कामाची नोंद असावी, रुग्णालयाने सुट्टीच्या वेळी किती बाळे केवळ आईच्या दुधावर होती हा आकडा सिझेरियनच्या आकड्याइतक्याच काळजीने ठेवावा, या मागण्या अवाजवी नाहीत. आरोग्यसेवेत मोठ्या संख्येने तरुण स्त्रिया आहेत आणि त्यांनाही बाळे होतात. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पण आशा कार्यकर्ती मानधनावर राबते, कंत्राटी परिचारिकेला नूतनीकरणाची धास्ती असते, आणि निवासी डॉक्टर स्त्रीला सलग ड्यूटीत दूध काढायला खोली मिळत नाही. स्वतःच्या बाळाला तिसऱ्या महिन्यात डब्यावर ठेवावे लागलेली परिचारिका दुसऱ्या आईला सहा महिन्यांचा आग्रह कोणत्या बळावर धरणार? मेडिकल, मेयो, डागा, एम्स आणि प्रत्येक खासगी रुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या बाळांसाठी पाळणाघर आणि दूध काढण्याची खोली असणे हे कर्मचारी कल्याणापेक्षा अधिक काही आहे; स्तनपानाच्या प्रशिक्षणाचाच तो भाग आहे.